वेदनाशामक औषधे ठरल्या दिवसाआधी संपल्यास : नियम, मर्यादा आणि रुग्णापुढील मार्ग

चंडीगड : हरियाणाच्या गावांतून पहाटेच्या बसने निघालेले रुग्ण सेक्टर १७ च्या आंतरराज्य बसस्थानकावर उतरतात आणि तेथून सेक्टर १२ मधील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेकडे, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘पीजीआय’कडे जातात. तपासणी होते, औषधचिठ्ठी मिळते आणि संध्याकाळी त्याच बसस्थानकावरून परतीचा प्रवास सुरू होतो. पुढची तारीख महिन्याने असते. कर्करोगाचा, मणक्याच्या विकाराचा किंवा मज्जातंतूंच्या वेदनेचा रुग्ण असेल आणि महिन्याची औषधे बाविसाव्या-तेविसाव्या दिवशीच संपली, तर अडचण सुरू होते. गावातील औषधविक्रेता जुनी चिठ्ठी पाहून नकार देतो. शहरातील विक्रेता ‘नवी चिठ्ठी आणा’ असे सांगतो. डॉक्टरांची तारीख आठवड्याने असते आणि वेदना तर तोवर थांबत नाही.

हा प्रश्न चंडीगडपुरता नाही. नांदेडहून मुंबईला किंवा सिंधुदुर्गातून गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णांनाही तोच कायदा लागू होतो. चंडीगडमध्ये मात्र या प्रश्नाचे सर्व पदर एकत्र दिसतात. हा केंद्रशासित प्रदेश पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आहे. शहराला लागून असलेले मोहाली पंजाबात, तर पंचकुला हरियाणात मोडते. त्यामुळे अर्ध्या तासाच्या अंतरात औषध परवाने देणाऱ्या तीन स्वतंत्र यंत्रणा काम करतात. अमली पदार्थ म्हणून होणाऱ्या औषधांच्या गैरवापराची झळ या प्रदेशाला मोठ्या प्रमाणावर बसली असल्याने विक्रेत्यांवरील देखरेखही कडक असते. अशा वेळी कायदा नेमके काय सांगतो, कोणत्या औषधाला कोणता नियम लागू होतो आणि रुग्णापुढे कोणते वैध मार्ग आहेत, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

एक चिठ्ठी, एकदाच औषध

भारतात अनेकांची समजूत अशी असते, की डॉक्टरांनी एकदा दिलेली चिठ्ठी कितीही वेळा वापरता येते. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे त्याच कागदावर मिळत असल्याने ही समजूत दृढ झाली आहे. कायद्याची भूमिका वेगळी आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या आधारे केलेल्या औषध नियम, १९४५ मधील नियम ६५ च्या उपनियम ११ नुसार अनुसूची एच, एच-१ आणि एक्स मधील औषधांची चिठ्ठी एकदाच वापरता येते. ती एकाहून अधिक वेळा वापरावी, असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले असेल तरच पुन्हा औषध देता येते. किती वेळा अथवा किती दिवसांच्या अंतराने औषध द्यावे, हे चिठ्ठीत नमूद असेल, तर विक्रेत्याने त्याच सूचनेनुसार औषध दिले पाहिजे. औषध देताना विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीच्या वरच्या बाजूस नोंदवावी, अशीही तरतूद आहे.

या नियमात ‘अमुक दिवस आधी औषध देऊ नये’ असा सरसकट आकडा दिलेला नाही. म्हणजेच भारतात मुदतीआधी औषध मिळेल की नाही, हे प्रामुख्याने चिठ्ठीवरील मजकुरावर अवलंबून असते. ‘तीस दिवस’ एवढेच लिहिले असेल, तर एकदा औषध दिल्यावर ती चिठ्ठी संपली. ‘दर पंधरा दिवसांनी, दोन वेळा’ असे लिहिले असेल, तर दहाव्या दिवशी औषध देणे नियमाविरुद्ध ठरते. आणि ‘वेदना वाढल्यास जादा मात्रा घ्यावी’ असे लिहून त्या मात्रांची संख्याही दिली असेल, तर ते औषध मुळातच पहिल्या वेळी मिळायला हवे होते. मुदतीआधी औषध संपण्याच्या अनेक प्रकरणांचे मूळ दुकानात नसून चिठ्ठीत असते.

मग रक्तदाबाची गोळी जुन्या चिठ्ठीवर मिळते आणि वेदनेची मिळत नाही, असे का? नियम दोन्हींना सारखाच आहे. फरक आहे तो अंमलबजावणीत आणि नियम मोडल्यास होणाऱ्या परिणामांत. अफूजन्य किंवा अफूसदृश वेदनाशामकांना औषध नियमांखेरीज गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजेच एनडीपीएस कायदाही लागू होतो. तेथे चुकीची किंमत परवान्यापुरती मर्यादित राहत नाही; तुरुंगवासापर्यंत जाते.

कोणते औषध कोणत्या पायरीवर

वेदनाशामकांचे नियंत्रणाच्या दृष्टीने ढोबळमानाने तीन गट पडतात. पॅरासिटामॉलसारख्या सौम्य औषधांबाबत अडचण सहसा येत नाही. डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब यांसारखी दाहशामके चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांत येतात. प्रत्यक्षात ती सहज विकली जातात.

दुसरा गट अनुसूची एच-१ मधील औषधांचा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१३ मध्ये अधिसूचित केलेली ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तीत प्रारंभी ४६ औषधांचा समावेश होता. क्षयरोगावरील औषधे व प्रभावी प्रतिजैविके यांच्याबरोबरच ट्रामाडोल, कोडीन, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन ही वेदनेशी संबंधित औषधे आणि अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही शामक व निद्राकारक औषधेही तीत आहेत. अशा औषधाची विक्री करताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करावी लागते आणि ती वही ३ वर्षे जपून ठेवावी लागते. निरीक्षक दुकानात आल्यावर ही वही तपासली जाते. त्यामुळे एकाच नावापुढे थोड्या दिवसांत दोन नोंदी झाल्या, तर उत्तर विक्रेत्याला द्यावे लागते.

तिसरा गट एनडीपीएस कायद्याखालील औषधांचा. त्यांच्या वेष्टनाच्या डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ असे चिन्ह असते. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ म्हणून ओळखली जातात. ब्युप्रेनॉर्फिन व पेंटाझोसिन मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांत मोडतात. २६ एप्रिल २०१८ रोजी केंद्राने ट्रामाडोलचाही याच वर्गात समावेश केला. मध्यम ते तीव्र वेदनेसाठी देशभर सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी हे एक असल्याने या निर्णयाचा परिणाम रुग्ण व विक्रेते या दोघांनाही जाणवला.

शंभर मात्रांचे गणित

ट्रामाडोलसारखे औषध वैयक्तिक उपचारासाठी जवळ किती बाळगता येते, याचे उत्तर एनडीपीएस नियम, १९८५ मधील नियम ६६ मध्ये आहे. सामान्यतः एका व्यक्तीला एका वेळी १०० मात्रांपर्यंत, म्हणजे १०० गोळ्या किंवा कॅप्सूलपर्यंत, औषध बाळगता येते. दीर्घकालीन उपचार आवश्यक असल्याचे नोंदणीकृत डॉक्टरांनी विशेषत्वाने लिहून दिले असेल, तर ही मर्यादा ३०० मात्रांपर्यंत जाते.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ असा : ५० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून चार वेळा घेणाऱ्या रुग्णाला ३० दिवसांसाठी १२० कॅप्सूल लागतात. चिठ्ठीवर दीर्घकालीन उपचाराचा उल्लेख नसेल, तर विक्रेता १०० च देईल आणि त्या पंचविसाव्या दिवशी संपतील. प्रौढांसाठी असलेली दिवसाची कमाल ४०० मिलिग्रॅमची मात्रा घेणाऱ्याला १०० कॅप्सूल जेमतेम साडेबारा दिवस पुरतात. रुग्णाने एकही गोळी जादा घेतलेली नसते. तरीही औषध महिन्याआधी संपते आणि तो ‘लवकर आलेला’ ग्राहक ठरतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नियम ६६ मधील मर्यादा ‘एका वेळी’ जवळ बाळगण्याच्या प्रमाणाची आहे. महिन्याच्या एकूण प्रमाणाची नाही. त्यामुळे डॉक्टरांनी ‘दर पंधरा दिवसांनी साठ कॅप्सूल, दोन वेळा’ असे स्पष्ट लिहिल्यास रुग्णाला त्याच चिठ्ठीवर दोन हप्त्यांत औषध मिळू शकते आणि औषध नियम व एनडीपीएस नियम या दोहोंचे पालन होते.

मॉर्फिन : दुकानाऐवजी संस्था

तीव्र वेदनेवरील, विशेषतः कर्करोगाच्या वेदनेवरील, मुख्य औषध मॉर्फिन आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये मांडलेल्या वेदनोपचाराच्या शिडीत त्याला सर्वांत वरच्या पायरीवर स्थान मिळाले. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही ते आहे. वैद्यकीय उपयोगासाठी अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांत भारताचा समावेश होतो. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवान्याने ही लागवड होते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया केली जाते. असे असूनही १९८५ चा कायदा लागू झाल्यानंतरच्या दशकभरात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. रुग्णालयांना वेगवेगळ्या विभागांचे अनेक परवाने घ्यावे लागत आणि त्यातील एकाची मुदत संपली तरी साठा अडकून पडे. अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लॅन्सेट’ आयोगाच्या अहवालानुसार भारतातील गरजेच्या सुमारे ४ टक्केच अफूजन्य वेदनाशामके उपलब्ध होती.

संसदेने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. अत्यावश्यक गुंगीकारक औषधांचा वेगळा वर्ग निर्माण झाला आणि ५ मे २०१५ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनी देशभर एकसारखी पद्धत आणली. त्यानुसार राज्याचे औषध नियंत्रक एखाद्या रुग्णालयाला अथवा उपशामक सेवा केंद्राला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ असा दर्जा देतात. अशा संस्थेला अनेक परवाने घ्यावे लागत नाहीत. तेथील प्रशिक्षित डॉक्टर औषध लिहून देतात, संस्था नोंदी ठेवते आणि रुग्णाला औषध मुख्यतः तेथूनच मिळते. एका वेळी रीतसर दिलेले औषध जवळ बाळगण्याचा रुग्णाला कायदेशीर अधिकार आहे.

या सुधारणेमुळे औषधाचा मार्ग मोकळा झाला. मात्र रुग्णाचे अंतर कमी झाले नाही. मॉर्फिन गल्लीतील दुकानात मिळत नसल्याने ते संपल्यावर ज्या संस्थेत नोंदणी आहे, तेथेच परत जावे लागते. चंडीगडमध्ये उपचार घेणारा रुग्ण दोनशे किलोमीटरवर राहत असेल, तर चार दिवस आधी संपलेल्या गोळ्यांसाठी त्याच्या नातेवाइकाला पूर्ण दिवस आणि दोन्ही बाजूंचे भाडे खर्च करावे लागते. महाराष्ट्रात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, १९८६ मध्ये वांद्रे येथे सुरू झालेले शांती आवेदना सदन आणि पुण्यातील सिप्ला उपशामक उपचार व प्रशिक्षण केंद्र यांनी या सेवेचा पाया घातला. विदर्भ-मराठवाड्याच्या दूरच्या तालुक्यांतील रुग्णांना मात्र अंतराचा हाच प्रश्न सतावतो. केरळने १९९३ मध्ये कोझिकोड येथे सुरू झालेल्या चळवळीतून आणि २००८ च्या राज्य धोरणातून ही सेवा स्थानिक स्वराज्य संस्थांपर्यंत नेली. तेथे परिचारिका रुग्णाच्या घरी जातात. औषध संपण्याची वेळ जवळ आल्याचे त्यामुळे आधीच लक्षात येते.

औषध आधी का संपते

मुदतीआधी औषध मागणारा प्रत्येक रुग्ण व्यसनी असतो, असे मानणे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे. पहिले कारण आजाराचे वाढणे हे आहे. कर्करोग हाडांत पसरल्यास महिन्यापूर्वी पुरणारी मात्रा अपुरी पडते. दुसरे कारण अचानक उसळणारी वेदना. नियमित औषध सुरू असतानाही खोकला, कूस बदलणे किंवा जखमेची मलमपट्टी यामुळे काही मिनिटांत तीव्र कळ येते. अशा वेळी घ्यावयाची जादा मात्रा साधारणतः दिवसाच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांश असते.

समजा, रुग्ण १० मिलिग्रॅमची मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी घेतो. दिवसाला ६ गोळ्या म्हणजे १५ दिवसांना ९० गोळ्या. आता त्याला रोज दोनदा जादा गोळी घ्यावी लागली, तर खर्च दिवसाला ८ गोळ्यांचा होतो आणि बाराव्या दिवशी सकाळी डबीत दोनच गोळ्या उरतात. डॉक्टरांनी जादा मात्रा घेण्यास तोंडी सांगितले. पण चिठ्ठीवरील एकूण संख्येत ती धरली नाही, तर हिशेब चुकणारच. याशिवाय उलटी होऊन गोळी बाहेर पडणे, औषध हरवणे, प्रवास लांबणे, दुकानात पूर्ण साठा नसल्याने कमी गोळ्या मिळणे आणि पुढची तारीख सुटीच्या दिवशी येणे ही कारणेही नेहमीची आहेत.

तिसरे कारण शरीराला होणाऱ्या सवयीचे आहे. काही आठवडे अफूसदृश औषध घेतल्यावर त्याच मात्रेचा परिणाम कमी होऊ शकतो आणि औषध थांबवल्यास शरीर बंड करते. या दोन्ही गोष्टी म्हणजे व्यसन नव्हे. परिणाम वाईट होत असतानाही औषधाची ओढ आवरता न येणे, वेदना नसतानाही ते घेणे आणि त्यासाठी दैनंदिन जीवन पणाला लावणे, ही व्यसनाची लक्षणे आहेत. मात्र हा धोकाही खरा आहे. मागणी वारंवार आधी येत असेल, तर डॉक्टरांनी त्याचा शोध घेणे हा रुग्णावरील अविश्वास नसून उपचाराचाच भाग आहे.

खंड पडल्यास काय होते

नियमित घेतले जाणारे मॉर्फिन किंवा ट्रामाडोल एकाएकी थांबल्यास काही तासांतच अस्वस्थता, घाम, जांभया, नाक व डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, जुलाब आणि निद्रानाश सुरू होतो. पहिले दोन-तीन दिवस त्रास तीव्र असतो. दबलेली वेदनाही दुप्पट वेगाने परतल्यासारखी वाटते. सुदृढ व्यक्तीच्या जिवाला यातून सहसा धोका नसतो. वृद्ध, हृदयरोगी किंवा कर्करोगाने खंगलेल्या रुग्णाला मात्र जुलाब-उलट्यांतून होणारी पाण्याची कमतरता घातक ठरू शकते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ही औषधे अचानक न थांबवण्याचा सल्ला दिला आहे. वर्षभराहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांची मात्रा दरमहा सुमारे १० टक्के किंवा त्याहूनही संथ गतीने कमी करावी, असे त्यात म्हटले आहे.

औषध न मिळाल्यावर रुग्ण जे पर्याय शोधतो, ते अनेकदा अधिक धोकादायक असतात. दाहशामक गोळ्या दुपटीने घेतल्यास जठरात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. ट्रामाडोल व पॅरासिटामॉल यांच्या संयुक्त गोळीबरोबर तापाची वेगळी गोळी घेतल्यास पॅरासिटामॉलचे दिवसाचे प्रमाण ४ ग्रॅमची मर्यादा नकळत ओलांडते व यकृताला इजा पोहोचते. ट्रामाडोलची मात्रा वाढवल्यास झटके येऊ शकतात. काही दिवस खंड पडल्यानंतर मॉर्फिनची जुनी मोठी मात्रा एकदम घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. मद्य किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील, तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो.

विक्रेत्याची बाजू

ट्रामाडोलच्या बाबतीत ५ ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ आणि २५० ग्रॅमपासून ‘व्यापारी’ प्रमाण मानले जाते. व्यापारी प्रमाण परवानगीविना बाळगल्यास किमान १० व कमाल २० वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २२ एप्रिल २०२० रोजी हिरा सिंग प्रकरणात दिलेल्या निकालानुसार प्रमाण ठरवताना मिश्रणातील शुद्ध द्रव्याचेच नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते. नोंदींत विसंगती आढळल्यास दुकानातील साधा साठाही गंभीर आरोपाचे कारण बनू शकतो, ही भीती औषधविक्रेत्याच्या मनात असते.

पंजाबमधील काही जिल्ह्यांत जिल्हा प्रशासनाने मज्जातंतूंच्या वेदनेवरील प्रिगाबालिन या औषधाच्या अधिक शक्तीच्या कॅप्सूलच्या विक्रीवरही वेळोवेळी निर्बंध घातले आहेत. त्याचा नशेसाठी वापर होत असल्याच्या तक्रारी हे त्यामागील कारण आहे. परिणामी चंडीगडमध्ये लिहून दिलेले औषध काही किलोमीटरवरील दुसऱ्या जिल्ह्यात त्याच शक्तीत न मिळण्याची शक्यता असते. अनेक दुकानदारांनी तर हा जोखमीचा माल ठेवणेच सोडले आहे. नकार देणारा विक्रेता निर्दय असतोच असे नाही; कायद्याने त्याच्यावर टाकलेली जबाबदारी मोठी आहे आणि अपवाद करण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही.

दूरध्वनीवरील सल्ल्याची मर्यादा

डॉक्टरांना दूरध्वनी करून किंवा चित्रसंवादावर दाखवून नवी चिठ्ठी मागवावी, हा मार्ग साहजिकच सुचतो. केंद्राने २५ मार्च २०२० रोजी जारी केलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार जुन्या आजाराची अनेक औषधे अशा प्रकारे पुन्हा लिहून देता येतात. मात्र अनुसूची एक्स मधील औषधे आणि एनडीपीएस कायद्याखालील गुंगीकारक व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ प्रतिबंधित यादीत आहेत. याचा अर्थ मॉर्फिन, फेंटानिल आणि २०१८ पासून ट्रामाडोलही दूरवैद्यकातून लिहून देता येत नाही. ज्या रुग्णाला अंथरुणातून उठणे सर्वांत कठीण, त्यालाच डॉक्टरांसमोर जावे लागते. तरीही दूरध्वनी निरुपयोगी नाही. उरलेल्या गोळ्या कशा पुरवाव्यात, कोणते साधे औषध जोडावे, पुढची तारीख अलीकडे आणता येईल का आणि जवळ कोणती मान्यताप्राप्त संस्था आहे, याबाबत डॉक्टर मार्गदर्शन करू शकतात.

रुग्ण व नातेवाइकांनी काय करावे

चिठ्ठी घेताना एकूण गोळ्यांची संख्या मोजून पाहावी. रोजच्या मात्रा गुणिले दिवस, अधिक जादा मात्रा, अधिक प्रवास किंवा सुट्यांसाठी दोन-तीन दिवसांची तजवीज, असा हिशेब डॉक्टरांसमोरच करावा. उपचार दीर्घकालीन असल्यास तसा स्पष्ट उल्लेख आणि औषध किती वेळा व किती अंतराने द्यावे, याची सूचना चिठ्ठीवर लिहून घ्यावी. पुढच्या तपासणीची तारीख औषध संपण्याच्या दिवशी न घेता किमान चार दिवस आधीची घ्यावी.

जादा घेतलेल्या प्रत्येक मात्रेची तारीख, वेळ व कारण वहीत लिहून ठेवावे. औषध आधी संपल्याचे स्पष्टीकरण म्हणून अशी वही कोणत्याही शब्दांपेक्षा अधिक उपयोगी पडते आणि मात्रा वाढवायची की औषध बदलायचे, हे ठरवणे डॉक्टरांना सोपे जाते. शक्यतो एकाच डॉक्टरांकडून चिठ्ठी व एकाच दुकानातून औषध घ्यावे. गरजेपोटी दोन-तीन दुकाने किंवा दोन डॉक्टर गाठल्यास नोंदींत तो प्रकार गैरवापरासारखाच दिसतो. चिठ्ठीवरील तारीख किंवा आकडा स्वतः बदलणे हा गुन्हा आहे.

गोळ्या पाच दिवसांपुरत्या उरल्या, की हालचाल सुरू करावी. संपल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते सोपे असते. औषध हरवले किंवा चोरीला गेले असल्यास पोलिसांत नोंद करून तिची प्रत डॉक्टरांना दाखवावी. वेदना असह्य झाली, श्वास मंदावला किंवा झटका आला, तर चिठ्ठीची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि सुरू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. चंडीगडमध्ये पीजीआयखेरीज सेक्टर १६ व सेक्टर ३२ येथील सरकारी रुग्णालयांत तातडीची सेवा उपलब्ध आहे. त्यांपैकी सेक्टर १६ चे रुग्णालय सेक्टर १७ ला लागूनच आहे. औषधाची ओढ आवरत नसल्याचे रुग्णाला किंवा कुटुंबाला जाणवल्यास केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क व्यसनमुक्ती दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधता येतो.

परदेशात जाताना

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांनी अधिक दक्ष राहावे. अमेरिकेत भारतीय चिठ्ठीवर औषध मिळत नाही. तेथे मॉर्फिन, ऑक्सिकोडोन आणि २०१४ पासून हायड्रोकोडोनची संयुक्त औषधेही दुसऱ्या अनुसूचीत असून त्यांच्या चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देण्यास मनाई आहे. प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी लागते. चौथ्या अनुसूचीतील ट्रामाडोल सहा महिन्यांत पाच वेळांपर्यंत पुन्हा देता येते. मात्र मुदतीआधी मागितल्यास विमा कंपनीची संगणकप्रणालीच ती मागणी फेटाळते. ब्रिटनमध्ये अशा औषधांची चिठ्ठी २८ दिवसच वैध असते. त्यामुळे मुक्कामाच्या कालावधीचा हिशेब, मूळ वेष्टनातील औषधे, डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे पत्र आणि त्या देशाच्या दूतावासाकडून नियमांची खातरजमा, ही तयारी विमानतळावर जाण्यापूर्वीच पूर्ण झालेली असावी.

उरलेली औषधे

याच प्रश्नाची दुसरी बाजू उरलेल्या औषधांची आहे. रुग्णाच्या निधनानंतर घरात राहिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या किंवा फेंटानिलच्या पट्ट्या गरजूला द्याव्यात, असे कुटुंबीयांना वाटणे स्वाभाविक आहे. तसे करणे मात्र बेकायदा व धोकादायक आहे. वापरलेल्या पट्टीतही लहान मुलाचा जीव जाईल एवढे औषध शिल्लक असू शकते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये औषधांच्या विल्हेवाटीबाबत जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडोल, टॅपेंटाडोल यांसह १७ औषधे कचऱ्यात न टाकता शौचकूपात टाकून पाण्याने वाहून द्यावीत, असे सुचवले आहे. औषधे दिलेल्या संस्थेला विचारून ती परत करता येतात का, हेही पाहावे.

वेदनाशामकांवरील नियंत्रण आवश्यक असल्याबद्दल वैद्यकीय क्षेत्रात दुमत नाही. त्याचबरोबर एनडीपीएस कायद्याने या औषधांवर बंदी घालताना वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोग प्रारंभीपासूनच वगळला आहे. २०१४ च्या दुरुस्तीने तर वैद्यकीय वापरास चालना देणे हे कायद्याच्या उद्दिष्टांतच समाविष्ट केले. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेल्या दोन स्पष्ट ओळी, रुग्णाने ठेवलेली वही आणि घराजवळ मान्यताप्राप्त संस्था, या तीन गोष्टी असतील, तर नियम न मोडताही औषधात पडणारा खंड बहुतेक वेळा टाळता येतो. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टर व कुटुंबाच्या हातात आहेत, तिसरी शासनाच्या.